चारा छावणीतली होळी

"पेटी आत जाणार नाही," सोनवणे साहेबांनी गेटवरच सांगितलं.

पेटी पुस्तकांची होती. मी तेव्हा केज तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. ज्यांना वाचनालयापर्यंत येता येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही लोखंडी ट्रंकेत पुस्तकं भरून नेतो. तिला फिरती पेटी म्हणतात. त्या दुष्काळात आमचे बरेचसे बालवाचक चारा छावणीत राहायला गेले होते. गावातली वैरण आणि पाणी संपलं, की माणसं जनावरं घेऊन छावणीत येतात आणि पाऊस पडेपर्यंत तिथंच संसार मांडतात. नांदूरघाटच्या रस्त्याकडेची ही छावणी एका सहकारी दूध संस्थेनं चालवायला घेतली होती आणि सोनवणे तिचे मॅनेजर होते. एरवी मी गेले की ते आधी चहा मागवत. त्या दिवशी चहाचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी होळी होती. छावणीतल्या पोरांनी गुपचूप बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या गोळा करून कडब्याच्या गंजीमागं रचून ठेवल्या होत्या. गंज म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांचा घराएवढा ढीग. वर सावलीला शेडनेटची जाळी आणि शेजारी दावणीला बांधलेली जनावरं. तिथं एक ठिणगी उडाली असती, तर काहीच हाती लागलं नसतं. वॉचमननं वेळेत पाहिलं म्हणून निभावलं.

सोनवण्यांनी सगळं सरपण जप्त केलं. छावणीत होळी नाही आणि मुलांचा घोळका नाही, असं सगळ्यांना बजावलं. शिवाय ज्या मुलीनं पोरांना गोळा केलं, तिच्या आज्जानं होळीनंतर जनावरं घेऊन छावणी सोडायची, असंही सांगून टाकलं.

ती मुलगी रंजना. सातवीत होती. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. ही आणि तिचे आज्जा कोंडिबा दोन गाई आणि एक कालवड सांभाळत छावणीत राहत होते. त्यांच्या गावात माणसांनाच पाणी पुरत नव्हतं. छावणी सोडणं म्हणजे जनावरं बाजारात नेणं, हे सोनवण्यांनाही ठाऊक होतं.

मी म्हणाले, लहान मुलगी आहे, समज द्या आणि सोडून द्या. ते म्हणाले, "मॅडम, उद्या आग लागली तर रिपोर्टमध्ये काय लिहू? लहान मुलगी होती, असं लिहू?"

मग मी विचारलं, गेटच्या बाहेर चालेल का? रस्त्याच्या कडेला संस्थेचा पत्र्याचा हॉल होता. एरवी तिथं दूध गोळा व्हायचं. जनावरं आटली तसा तो रिकामा पडला होता. आत गॅसची शेगडी होती. उद्या मुलं तिथं वाचतील, लिहितील, पुरणपोळी करतील, आणि आग असेल ती शेगडीपुरती. जबाबदारी माझी.

"मी स्वतः येऊन बसणार," सोनवणे म्हणाले.

"बसा की," मी म्हणाले.

होळीच्या दिवशी मुलं सकाळीच हॉलमध्ये आली. रंजना येईल की नाही अशी मला शंका होती, पण ती आली. घरटी मूठमूठ हरभऱ्याची डाळ आणि गुळाचा खडा जमला. पाण्याचं अवघड होतं. टँकर जनावरांसाठी यायचा आणि माणसं त्यातच भागवायची. तरीही प्रत्येक बिऱ्हाडानं आपल्या वाट्यातला तांब्याभर दिला. स्वयंपाक गयाबाईंनी हातात घेतला. छावणीत कुणाकडं पाहुणे आले, की पोळ्यांना त्यांनाच बोलावणं असायचं.

पेटीत पाककृतींचं एक पुस्तक होतं. रंजनानं त्यातली कृती मोठ्यानं वाचली. डाळीच्या तिप्पट पाणी घ्या, असं त्यात लिहिलं होतं.

"तिप्पट?" गयाबाई म्हणाल्या. "त्या पुस्तकवाल्या बाईला म्हनावं, येऊन आमचा टँकर बघ."

त्यांनी बेतानं पाणी घेतलं आणि पातेल्यावर घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर डाळ शिजवली. डाळीचं उपसलेलं पाणी, म्हणजे येळवणी, थेंबही न सांडता आमटीसाठी काढून ठेवलं. मुलांना मी ही कृती लिहून घ्यायला सांगितली. त्यांनी माप म्हणून वाटीच्या जागी 'गयाबाईची ओंजळ' लिहिलं. मी ते खोडलं नाही.

पुरण वाटताना रंजना माझ्याजवळ होती. तिला हळूच विचारलं, एवढं कळतं तुला, मग गंजीमागं का रचलंस?

"तितं वॉचमन बघत न्हाई म्हनून," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "आज्जाला जाळ बघायचा व्हता. होळीचा जाळ कुनीकडं झुकतो, त्याच्यावरून पाऊस कळतो म्हनतो त्यो. न्हाई बघितला तर कसं कळनार, गाया ठिवायच्या का इकायच्या?"

मी पुरणाचा पुढचा गोळा पाट्यावर घेतला.

पोळ्या सुरू झाल्यावर बाकीच्या मुलांना एक खेळ दिला. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लिहायची, प्रत्येकानं एक वाक्य. विषय त्यांनीच ठरवला. एक गाय दावं तोडून होळी शोधायला निघते. डोंगर तिला म्हणतो, माझ्याकडं झाडं उरली नाहीत. विहीर म्हणते, मला विचारू नकोस, मीच कोरडी आहे. शेवटी गाय एका गेटपाशी येते. तिथं एक मॅनेजर उभा असतो आणि त्याला शिंगं असतात.

गोष्ट वाचून दाखवणारी मुलगी इथं थांबली. सोनवणे दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळी मुलं त्यांच्याकडं बघायला लागली.

"वाच की," ते म्हणाले. "शिंगं केवढी होती?"

मुलं हसली. मुलीनं पुढं वाचलं. शिंगवाला मॅनेजर म्हणतो, इथं होळी करायची नाही. त्यापुढं कुणीच काही लिहिलं नव्हतं.

"मग गाय काय म्हणाली?" सोनवण्यांनी विचारलं.

शेगडीपाशी पोळी लाटत असलेल्या रंजनानं मान वर केली.

"गाय म्हनली, साहेब, तुमचं बराबर हाय. हितं वैरण हाय. पर समोरच्या तळ्यात जळायला काय हाय?"

हॉलच्या दारातून रस्त्यापलीकडचा साठवण तलाव दिसत होता. तलाव नावालाच. तळाशी नुसती भेगाळलेली माती, गवताची काडीसुद्धा नव्हती. आम्ही सगळे रोज त्याच्या कडेनं जात होतो आणि पाणी नाही म्हणून हळहळत होतो.

सोनवणे उठले. रस्ता ओलांडून ते तलावात उतरले. बुटानं माती उकरून पाहिली. मूठभर धूळ वर धरून सोडली, वारा कुठला आहे ते पाहिलं. मागं वळून छावणीचं अंतर न्याहाळलं. परत आले तेव्हा त्यांच्या अटी तयार होत्या. टँकर जवळ उभा राहील. होळी कमरेपेक्षा उंच रचायची नाही. मुलं आखलेल्या रेषेच्या आत येणार नाहीत. मग त्यांनी वॉचमनला जप्त केलेलं सरपण आणायला पाठवलं.

दिवस मावळताना तलावात होळी पेटली. गयाबाईंनी नैवेद्य दाखवला. म्हातारी माणसं एका बाजूला उभी राहून जाळ बघत होती. एक म्हणाला उगवतीकडं झुकला, दुसरा म्हणाला तो ट्रक गेल्याचा वारा. वाद चांगला रंगला. कोंडिबा त्यात पडले नाहीत. निखारे होईपर्यंत ते बघत उभे राहिले. मग सोनवण्यांकडं जाऊन म्हणाले, सकाळी जनावरं घेऊन निघतो.

"कुठं नेताय?" सोनवणे म्हणाले. "राहा. फक्त पोरीला सांगा, पुढच्या वेळी आधी मला विचार म्हणून."

कोंडिबांनी हात जोडले. रंजना मात्र त्यांना ओढत पोळ्या खायला घेऊन गेली.

ती दोघं पाऊस पडेपर्यंत छावणीत राहिली आणि तिन्ही जनावरं घेऊन गावी परतली. मुलांच्या गोष्टीला मी पुठ्ठ्याची बांधणी केली, शेवटी गयाबाईंची कृती जोडली आणि पुस्तक वाचनालयात दाखल करून घेतलं. होळी जवळ आली की त्याला मागणी असते.

पुढं अनेक कार्यक्रमांसाठी मी अनेक साहेबांकडून परवानग्या काढल्या. कार्यक्रम किती चांगला आहे, हे मी आता आधी सांगत बसत नाही. आधी जागा दाखवते.