सगळ्यांच्या मागची गाडी

मोटरसायकलवाल्यांना टीव्हीवर मोटरसायकल दाखवू नये. कार्यक्रमाची पार चिरफाड करतात. आमच्या मुलुंडच्या घरात त्या रविवारी सकाळी तेच चाललं होतं. भटकंतीच्या एका कार्यक्रमाचा निवेदक आमच्या मोटरसायकलवाल्या ग्रुपबरोबर कोकणात आला होता आणि तो भाग त्या दिवशी लागणार होता. बाबांनी अख्ख्या ग्रुपला घरी बोलावलं होतं, शिवाय शेजारच्या काकांना. हे काका आमच्याच कोकणातल्या गावचे. आई घावन घालत होती.

बाबांनी बोलावलं याचंच मला नवल. मी मोटरसायकल घेतली तेव्हा ते कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते. पुढे राग निवळला, पण मी ग्रुपमध्ये सगळ्यांत मागे चालवते हे कळल्यावर ते त्यांना खुपायला लागलं. "गाडी घेतलंस ती मागे ऱ्हवाक?" असं विचारायचे. मागे राहणं हे कामच असतं, ते नवख्याला देत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. त्यांना ती सारवासारव वाटली. माझं डोकं लवकर तापतं, म्हणून मी नाद सोडला. पण आज काकांसमोर त्यांची मान खाली जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदक म्हणाला, "आज मी एकटाच निघालोय. फक्त मी आणि रस्ता." हॉलमध्ये हशा पिकला. त्याच्या पुढे कॅमेऱ्याची जीप होती आणि मागे आम्ही सगळे होतो.

"अरे, हा क्लच दाबून घाट उतरतोय! ब्रेकची वाट लागेल ना!"

"चेन बघ किती सैल. कपडे वाळत घाल तिच्यावर."

"जॅकेट झकास आहे पण. किमतीची चिठ्ठी काढली का रे?"

एकेक जण पडद्यावर दिसला की शिट्ट्या पडत होत्या. आमचा पुढे चालणारा गडी, जो एरवी पवईच्या ऑफिसात मान मोडून बसलेला असतो, तो तर चारदा दिसला. मी एकदाही नाही. अर्धा भाग संपत आला तेव्हा काकांनी माझ्याबद्दल विचारलंच, "आपला चेडू खंय हा?" बाबा खाली मान घालून घावन मोडत राहिले. मला त्या चॅनेलचा असा राग आला की टीव्हीच बंद करावासा वाटला.

मग घाटातलं ते वळण आलं. सगळ्या गाड्या कडेला थांबलेल्या. निवेदक भारावून सांगत होता, "हे दृश्यच असं आहे की कुणालाही थांबावंच लागतं." पुन्हा हशा.

बाबांनी मात्र मान वर केली. "दरीक कोण बघता? सगळी मागे बघतत."

खरंच होतं. दरीकडे सगळ्यांची पाठ होती आणि नजर मागच्या रस्त्यावर.

माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण बाबांना म्हणाली, "काका, माझं चाक पंक्चर झालं होतं. ही माझ्याबरोबर खाली थांबली होती ना. आमच्यात शेवटची गाडी दिसेपर्यंत कोणी हलत नाही. हिचा दिवा दिसला म्हणजे सगळे आले."

तेवढ्यात पडद्यावर धुक्यातून दोन दिवे आले. पुढचा तिचा, मागचा माझा. वळणावर कुणीतरी हात वर केला आणि सगळे हेल्मेटं चढवू लागले. लगेच जाहिरात लागली.

बाबांनी रेकॉर्डिंगला लावलेला तो भाग मागे न्यायला सांगितला. दिवे आले तिथे थांबवायला लावलं. मग उठून टीव्हीपाशी गेले आणि मागच्या दिव्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्या चेडवाचो." मला माझा अभिमान वाटला, आमच्या ग्रुपचा वाटला, आणि सगळ्यांत जास्त बाबांचा.

काका चष्मा सावरत पुढे वाकले. "अरे, पण हय नुसतो दिवोच दिसता."

"मगे?" बाबा म्हणाले. "तेच्यासाठीच थांबलेत ना सगळे!"