चिंचेवरचा जावई

चहा उकळू द्या, तोवर सांगतो. माझ्या हातून आजवर फजित्या लई झाल्या, त्यातल्या बऱ्याच तुम्हाला ठाऊक हायत. पर ही जरा निराळी. हिच्यात माणूस गेलेला हाय, म्हणून कुठं हसायचं अन् कुठं गप बसायचं हे तुमचं तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं न्हाई.

माझ्या शेताच्या बांधावर लिंबाची न् बाभळीची झाडं हायत. त्यांच्या सावलीनं कडंचं सोयाबीन पिवळं पडायलं होतं. कुऱ्हाड चालवावी तर उजवा खांदा साथ देईना. गाडीवरून पडल्यापासून हात डोक्याच्या वर नेला की डोळ्यापुढं काजवे. मग ठरवलं, लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन घ्यायचं. चेनसॉ म्हणतेत ते. कमलनगरला बस धरली अन् बीदर गाठलं.

दुकानात गल्ल्यावर मालकीणबाई बसलेल्या. पुढं दोन तऱ्हेची मशीनं. एक मोठं, मूठ मागच्या अंगाला. ते उचललं की खांद्यानं कुरकूर केली. दुसरं भिंतीला टांगलेलं, लहानगं, मूठ डोक्यावर. ते एका हातानं उचललं तर चहाची किटली उचलल्यासारखं वर आलं. झालं, माझा जीव तिथंच अडकला.

"हे द्या," म्हणलं.

बाई म्हणल्या, "काम कुठं हाय? खाली का वर?"

"झाडाचं काम हाय."

"ते कळलं हो. पर तुम्ही झाडावर चढून कापता का खाली उभारून? हे वरच्या मुठीचं मशीन चढणाऱ्यांचं असतंय. अंगाला पट्टा बांधून, फांद्यांत बसून काम करतेत त्यांचं. हलकं हाय, खरंय. पर एका हातानं उचलतंय म्हणून एका हातानं चालवायचं न्हाई. उसळलं की तोंडावर येतंय. खालून कापायचं असंल तर मागच्या मुठीचं घ्या."

आता मी काय म्हणायला पाहिजे होतं? म्हणायला पाहिजे होतं की बाई, मी स्टुलावर चढलो तरी गरगरतंय, आमच्या घरातला बल्बसुद्धा बायको बदलते. पर बाईंनी एकदा माझ्या पोटाकडं बघितलं अन् विचारलं, "चढता का तुम्ही?"

"मग? लहानपणापासून."

"पट्टा, दोर हाय?"

"घरी हाय."

घरी बैलाचा कासरा होता.

मशीन घरी आलं. माझी बायको महादेवी ते फिरवून फिरवून बघायली. "इतकं लहान कामून आणलाव?" म्हणली. मी म्हणलं, "लहान न्हाई ते. झाडावर चढून काम करणाऱ्यांचं असतंय." मला फक्त मशीनची बाजू घ्यायची होती. तिनं सांजच्याला माहेरी फोन लावला. तिकडं गेलं की ह्यांनी झाडावर चढून कापायचं मशीन आणलंय. तिथून भावजयीकडं गेलं की दाजी झाडावर चढून कापतेत. संतपूरच्या पल्याड, तिच्या माहेरच्या गावात पोचेपर्यंत माझं हैदराबादेत झाडावर चढायचं शिक्षण झालेलं होतं. हे सगळं माझ्या कानावर आलं. मी दुरुस्त करायला गेलो न्हाई. तुम्ही गेला असता का? ऐकायला बरं वाटत होतं.

त्यात एक दिवस बांधावर उभारून, एकाच हातानं, बाभळीचे फोक छाटले. लोण्यासारखे. महादेवीनं मोबाइलवर ते काढलं अन् माहेरी पाठवलं. फोटोत माझे पाय जमिनीवर होते हे कुणी बघितलं न्हाई.

अन् मग मामा गेले.

मामा म्हणजे माझे सासरे. कमी बोलणारा माणूस. सासूबाई आधीच गेलेल्या. आमच्या लिंगायतांत मयताला बसवून माती देतेत. सासूबाईंची जागा शेतातल्या चिंचेखाली होती, अन् मामा रोज सकाळी तिथं जाऊन घटकाभर टेकायचे. पोरांना त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, "मला तिच्या शेजारी बसवा." दुसरं काही मागितलं न्हाई.

थोरला मेव्हणा बसवराज, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, त्याचा सकाळी फोन आला. "दाजी, अप्पा गेले." मग नाक ओढून म्हणला, "येताना मशीन घेऊन या."

मी म्हणलं, "कोणतं मशीन?"

"तुमचंच. वादळानं चिंचेची थोरली फांदी बुडात फाटलीय. दुसरं टोक शेजारच्या बेचक्यात अडकलंय, मधी नुसती लोंबायलीय. नेमकी आईच्या शेजारच्या जागेवर. खाली उभारून खड्डा खांदायला कुणी तयार न्हाई. तुम्ही हाव म्हणून बरं."

जीपमध्ये दाटी. महादेवी खिडकीला डोकं टेकून रडायलेली, अन् माझ्या मांडीवर टावेलात गुंडाळलेलं मशीन. समोरच्या एका म्हातारीनं बराच वेळ बघून हळूच विचारलं, "लेकरू आजारी हाय का?" मी मान हलवली. त्या घडीला खुलासा कोण करणार? म्हातारीनं टावेलावरनं हात फिरवला, तिच्या हाताला पेट्रोलचा वास लागला, अन् संतपूर येईपर्यंत तिनं माझ्याकडं परत बघितलं न्हाई.

पोचलो. मामांना ओसरीवर बसवलेलं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. महादेवी तिथंच कोसळली. मी पाया पडून उठतो न उठतो तोच अण्णानं माझा हात दोन्ही हातांत धरला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "दाजी, अप्पाला आईजवळ बसवायचं हाय. एवढं तुमच्या हातात हाय."

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. अण्णा, मला चढता येत न्हाई. झालं असतं काम. पर ज्याचा बाप ओसरीवर बसलाय त्याला हे कसं सांगावं? मी म्हणलं, "चला."

शेतात चार भाऊबंद टिकाव-खोरी घेऊन लांब उभे होते. चिंच बघितली. फांदी माणसाच्या कमरेएवढी जाड. माझ्या मशीनचं पातं वीतभराहून थोडं जास्त. शिडी लावली. डोक्याला गाडीचं हेल्मेट घातलं, कमरेला कासरा बांधला. खालून कुणीतरी म्हणलं, "हैदराबादची पद्धत हाय वाटतं."

कसा चढलो ते विचारू नका. डोळे मिटून चढलो. एका फाट्यावर बसलो, कासरा खोडाला गुंडाळला, अन् डोळे उघडले तर जमीन लई लांब गेलेली. तरीबी मशीन चालू केलं अन् फांदीला वरून लावलं. भुसा उडाला. खाली माणसं समाधानानं माना हलवायली. पातं निम्मं आत गेलं अन् फांदीनं तोंड मिटलं. दोन्ही टोकं टेकलेल्या फांदीला वरून कापलं की ती मधी बसते अन् पातं चावून धरते, हे मला आता ठाऊक हाय. तवा फक्त मशीन बंद पडलेलं कळलं. मी खांदा विसरून हिसका दिला. मशीन आलं न्हाई. फांदी मात्र कण्हत कण्हत हातभर खाली सरकली अन् जाताना शिडीला घेऊन गेली. शिडी मोडल्याचा आवाज मला हेल्मेटातूनबी ऐकू आला.

मी ओरडलो, "उतरवा मला, उतरवा."

हेल्मेट घालून बोललेलं खाली काय ऐकू जातंय? खाली ते ऐकू गेलं, "उकरा."

अण्णा म्हणला, "दाजी म्हणायलेत उकरा. म्हणजे फांदी आता पक्की झाली." अन् दोघं जण खोरी घेऊन सरळ फांदीखाली आले. एकानं पहिला घाव घातलासुद्धा.

त्या दोघांच्या डोक्यावर ती फांदी, अन् फांदीला मीच अर्धी कापलेली. मी हेल्मेटाची काच वर केली अन् जिवाच्या आकांतानं बोंबललो, "सरका तिथून, पडायलीय." ते मागं उडाले. फांदी आणखी वीतभर उतरली अन् कचकन थांबली. खोरं तिथंच मातीत उभं राहिलं. त्या दोघांतल्या एकाची बायको बांधावर उभी होती, ती मटकन खाली बसली. ते मी वरून बघितलं. आज ह्या किश्शावर माणसं हसतेत, पर तिचं बसणं माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई.

अण्णा जवळ आला, पर फांदीखाली न येता, लांबूनच. वर बघून हळू आवाजात म्हणला, "दाजी, खरं सांगा. याच्या आधी झाडावर कधी चढला होता?"

"न्हाई."

"हैदराबाद?"

"सिनेमा बघायला गेलतो."

त्यानं नुसतं चिंचेकडं बघितलं, मग आईच्या जागेकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात भजनाचा आवाज आला. मामा येत होते. फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे मयताच्या पालखीत, बसलेले, पुढं स्वामी, मागं सगळं गाव. अन् समोर चिंचेवर मी, कासऱ्यानं बांधलेला. भजन आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागच्या रांगेत थांबलं. टाळ वाजवणारा एकटा थोडा वेळ वाजवत राहिला. मामांचं तोंड नेमकं माझ्याकडं होतं. जिवंतपणी त्यांनी माझ्याकडं इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं.

स्वामी अण्णाला म्हणले, "काय करायचं?"

"दिवस कलायच्या आत माती व्हायला पाहिजे. ती फांदी आता कुणी काढायची न्हाई, अन् खाली कुणाला पाठवणार न्हाई मी. एक मयत बास झालं."

शेजारच्या रानात शेततळं खांदायचं मशीन आलेलं होतं. ते बोलावलं. बांधाच्या पल्याड, चिंचेपासून लांब, खड्डा झाला. मामांना तिथं बसवलं. मी सगळं वरून बघितलं. बेलपानं वाहिली, विभूती लावली, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. थोरला जावई म्हणून माझीबी मूठ होती. मी झाडावरच हात जोडले अन् तोल गेला, म्हणून परत खोडाला मिठी मारली.

पर खरं सांगू? लाज तिथं न्हाई वाटली. महादेवी खड्ड्याच्या काठाला उभी होती. बापाचं शेवटचं तोंड बघायची तेवढीच घडी. सगळे खाली बघायले होते, अन् ती वर बघायली होती, मी पडतो का काय म्हणून. तिची वहिनी तिचं डोकं धरून खाली वळवायली, अन् ती परत वर बघायची. तशातच माती पडली.

मग त्याच खांदायच्या मशीननं मला उतरवलं. ज्या बकेटनं मामांसाठी माती काढली ती माझ्यापर्यंत वर आली, मी कासरा सोडला अन् तिच्यात बसलो. ओल्या मातीत. मी तसा बसून खाली येताना भाऊबंदांतला एक जण, मयताला जोडतेत तसे, हात जोडायला गेला, मग त्याचा तोच थांबला. मी तसाच जाऊन मामांवर मूठभर माती टाकली. तोवर सगळे आंघोळीला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी, चूल पेटवता पेटवता, महादेवी एवढंच म्हणली, "अप्पा आईपासून बांधभर लांब राहिले."

ती फांदी पुढं एका दुपारी आपली आपण पडली, मशीनसकट. खाली कुणी नव्हतं.

मामांच्या दिवसाच्या जेवणाला मी पंगतीत वाढायला होतो. दुसरी कामं मला कुणी सांगत नव्हतं. औरादकडची एक लांबची नातेवाईक बाई महादेवीच्या शेजारी जेवायला बसलेली. ती म्हणली, "अगं, मातीच्या दिवशी हेल्मेट घालून झाडावर बसलेला तो कोण होता?"

महादेवीनं भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडं न बघता म्हणली, "मजूर होता. बाहेरगावचा."

"अगंबाई. मग वाचला का बिचारा?"

मी त्या बाईच्या पानात भात वाढला अन् म्हणलं, "न्हाई."