गोंगाआधीची डुलकी

समेचा आनंद सम देत नाही. तो समेची वाट पाहणे देते. हे मला ग्रंथाने शिकविले नाही, प्रवचनाने शिकविले नाही. आमच्या गावच्या पार्तोआजोबांच्या मिटलेल्या पापण्यांनी शिकविले.

गावच्या गामेलानात, म्हणजे काशाच्या वाद्यांच्या ताफ्यात, आजोबांनी चाळीस वर्षे थोरला गोंग, ती टांगलेली काशाची भली मोठी थाळी, वाजविला. वाजविला म्हणजे काय केले? बाकीचे वीसजण अखंड राबत. काशाच्या पट्ट्या झणत्कारत, ढोल बोले, रबाब आळवी. आणि आजोबा चौसष्ट मात्रांतून एकदा मोगरी उचलीत. एक आवर्तन, एक आघात! मधल्या वेळात हनुवटी छातीवर टेकून निवांत डुलकी. मात्र साठावी मात्रा सरली की पापणी हले. बासष्टावीला मोगरी उठे. चौसष्टावी दाराशी येऊन उभी राही, आणि आजोबा थांबत. किती थांबत? देठातून सुटलेले पान पाण्याला टेकेल, तेवढे. सगळ्यांचा श्वास ओठांवर अडे, आणि मग गोंग. तो नाद कानाने शिरत नसे. तो जमिनीतून मांडीत, मांडीतून पोटात चढे, आणि मांडी घालून बसलेली सगळी माणसे वाऱ्यावरच्या भातासारखी एकदाच डोलत.

"झोपायला घरी चटई नव्हती का?" गियेमआजी दर वेळी विचारी. ती त्यांची बायको, आणि गामेलानाची गायिका.

"घरी तू बोलतेस," आजोबा म्हणत.

यंदा भातकापणीच्या आधी आजोबांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्त साकळले. उजवा हात गेला, वाणी गेली. आजी भरवी, पुशी, बोले. समोरून काही नाही. नजर भिंतीवरची पाल पाहावी तशी तिच्यावरून सरकून जाई. तीन महिन्यांत तिला एकच प्रश्न उरला होता, आणि तो तिने शहरातल्या डॉक्टरांना विचारला. "हे आत आहेत का? का दार उघडं टाकून निघून गेलेत?"

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "बोलण्याची खोली पडलीय, आजी. पण संगीत मेंदूत एका खोलीत राहत नाही, ते घरभर फिरतं. पुढचा सूर कुठे पडणार याचा मेंदू सारखा अंदाज बांधतो. त्या वाट पाहण्यातच सुख पाझरायला लागतं, आणि वाट पाहिलेलं हाती आलं की भरून येतं. तालमीला नेऊन बसवा. वचन मात्र देत नाही हं."

गावशुद्धीचा उत्सव गुरुवारी होता. मंगळवारी दुपारी मंडपात तालीम बसली. आजीने आजोबांना खांबाला टेकवून बसविले, पाठीशी उशी दिली. गोंगापाशी शाळेतल्या एन्दाहबाई बसल्या होत्या. पोर हुशार, मन लावून शिकणारी. गोंगापुढे फुले वाहिली गेली, धूप चढला, गत सुरू झाली. चौसष्टाव्या मात्रेला एन्दाहबाईंनी बरोब्बर घाव घातला. आजीचा शेवटचा सूर अर्ध्यातच कापला गेला.

ढोलावरच्या जुमालीकाकांनी हात थांबविला. "बाई, पाहुणा दारात आला नाही तोवर ताट उचललंत!"

"पण काका, मी मोजून मारला!"

"मोजून मारलात, तिथेच घोळ झाला."

"मग किती थांबायचं, ते तरी सांगा."

कोणालाच सांगता येईना. वीस माणसे, आणि एकालाही ठाऊक नाही! जे चाळीस वर्षे पोटाने ऐकले, ते तोंडाने कसे सांगावे?

पुन्हा गत सुरू झाली. आजी गाताना धन्याकडे पाहत होती. आजोबांचे डोळे मिटलेले होते. साठावी मात्रा सरली. पापणी हलली. मांडीवरचा डावा हात सावकाश उचलला गेला. एन्दाहबाईंचा गोंग वाजला, तरी हात खाली येईना. पान तरंगत राहिले, तरंगत राहिले; आणि आजीचा सूर संपला तिथे हात अलगद मांडीवर टेकला.

आजी गाणे सोडून उठली. "थांबवा! मोगरी यांच्या हातात द्या."

"डाव्या हाताने?" जुमालीकाका दचकले. "अगं, डाव्या हाताने आपण कुणाला पाणी देत नाही, आणि गोंगाला..."

"गोंग काय यांच्याकडे भात मागतोय?" आजी म्हणाली. पण तिलाही भीती होतीच. पिढ्यान्पिढ्यांची रीत होती ती. तिने आजोबांना गोंगापाशी सरकविले, डाव्या हातात मोगरी दिली, लुळा उजवा हात त्या मनगटाखाली आणून स्वतःच्या तळव्यावर धरला, आणि गोंगापुढे मान लवविली. "डाव्या हाताची क्षमा असावी. उजवाही सोबत आणलाय."

गत निघाली. संथ, संथ, भाताच्या पाटातून पाणी उतरावे तशी. आजी तिथूनच गाऊ लागली. साठ. बासष्ट. मोगरी उठली. चौसष्टावी मात्रा आली, उभी राहिली, आणि कोणी श्वास घेईना. करुणाघन देवाने सुख ठेवले ते इथे, या रित्या क्षणात! सूर संपला. पान टेकले.

गोंग.

नाद जमिनीतून आला, मांडीत आला, पोटात आला. जुमालीकाकांच्या आसवांनी ढोल ओला झाला. एन्दाहबाई हातावरचे शहारे पाहत पुटपुटल्या, "हे मोजायचं नसतं. हे गाणाऱ्याच्या श्वासावर असतं."

आजीने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तेथे हसू नव्हते, ओळख नव्हती, शब्द तर नव्हताच. गत दुसऱ्या आवर्तनात शिरली. आठवी मात्रा, नववी मात्रा. आणि आजोबांची हनुवटी हळूच छातीवर टेकली. मंद, समाधानाचे घोरणे सुरू झाले.

"झोपले!" आजी ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ती त्यांच्या खांद्यावर चापट्या मारीत होती. "घरी चटई नव्हती का हो? नव्हती का चटई?"

"गियेमताई, गाणं!" जुमालीकाका ढोलावरून गरजले. "सूर धर. त्यांना साठावीला उठायचंय."