तिसऱ्या दिवशी लिहून घेतलेलं

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातला कारखाना बंद पडला आणि चाळिशीत मी शेतकरी झालो. कागदावर तसा आधीच होतो. वडिलांच्या मागे पांढरकवड्याजवळची तीन एकर जमीन माझ्या नावावर चढली होती, पण तिच्यात राबायचे ते काका. काका नात्यातले नव्हते. वडिलांच्या वयाचे शेजारी, स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. आमच्या वावरात त्यांनी तीस वर्षं डवरे धरले, फवारे मारले. मला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीतून नीट चालताही येत नव्हतं. चार पानं पिवळी दिसली तरी मी घाबरायचो आणि काका हसायचे.

त्या पावसाळ्यात पांढरकवड्याला नव्या शेतकऱ्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर निघालं. मी काकांना म्हटलं, चला, दोघंही जाऊ. त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. दारावरच्या माणसाने सातबारा मागितला. माझा होता. काकांकडे कुठून असणार?

"मजुरांसाठी नाही हे," तो म्हणाला. त्याला तरी काय बोलायचं, त्याच्या हातातल्या कागदावर तसंच लिहिलं होतं.

"जा बाबू, तू शिकून ये," काका म्हणाले. "मंग मले सांगजो." आणि ते आल्या पावली एसटी स्टँडकडे गेले.

तीन दिवस मी पंख्याखाली बसलो. सकाळी पोहे, दुपारी जेवण. शेजारी एक कापड दुकानदार, पलीकडे एक निवृत्त मास्तर. सातबारा सगळ्यांच्या खिशात आणि माती कुणाच्याच नखात नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची शाळाच होती ती, आणि मी तिच्यात पुढच्या खुर्चीवर. प्रश्नही मीच जास्त विचारले.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर एका तरुण मॅडमनी फवारणी शिकवली. पीक डोक्याच्या वर गेलं की आत शिरून फवारू नका. वाऱ्याच्या तोंडी उभे राहू नका. दोन औषधं एका पंपात कधीही मिसळू नका. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. मी लिहून घेतलं. मग प्रमाणपत्र, फोटो, आणि प्रत्येकाला एक पिशवी: मास्क, हातमोजे, चष्मा.

पिशवी मी काकांना दिली. त्यांनी मास्क लावून अर्धी ओळ फवारली आणि काढून टाकला. "जीव गुदमरून राह्यला," म्हणाले. मी बरं म्हटलं. बाकी काही सांगितलं नाही. ज्याने मला वखर धरायला शिकवलं, त्याला मी काय शिकवणार, अशी लाज वाटली. निदान तेव्हा मी तिला लाज म्हणत होतो.

पंधरा दिवसांनी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. पांढरी माशी आणि बोंडअळी एकदमच आली. मी दुकानातून दोन बाटल्या आणल्या. काका बांधावर पंपाजवळ उकिडवे बसले, दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी औषधाबद्दल आमच्या घरी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"दोन्ही एकदमच टाकू काय? तू शिकून आला नं."

मला आठवलं. हे मी नीट सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मला मॅडमचा आवाजसुद्धा आठवला. पण दोन फवारे म्हणजे दोन दिवस पाणी भरून द्यायला मी लागणार, आणि दुसऱ्या दिवशी मला महालक्ष्म्यांच्या जेवणाला सासरी जायचं होतं.

"टाका," मी म्हणालो.

चारच्या सुमारास ते पऱ्हाटीतून बाहेर आले, बांधावर ओकले आणि तिथेच आडवे झाले. तोंडाला फेस. "काही दिसत नाही," एवढंच म्हणत होते. ऑटोने पांढरकवडा, तिथून यवतमाळ. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी दोन्ही बाटल्या पुढे केल्या. त्यांनी आधी बाटल्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

नऊ दिवस काका मशीनवर होते. काकू आणि मी बाहेर व्हरांड्यात. "तूही उपाशीच आहे," म्हणत ती माझ्या हातावर भाकर ठेवायची. मी ती खायचो.

काका वाचले. डोळे गेले. ऊन आणि सावली, एवढाच फरक आता त्यांना कळतो. दिवसभर दारात बसलेले असतात.

दिवाळीनंतर एकदा मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काकू आत तूर निवडत होती. काका म्हणाले, "बाबू, एक इचारू? दोन औषधं मिसळू नाही, असं तिकडं सांगतलं होतं काय?"

आत सुपाचा आवाज थांबला.

"नाही काका," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे करून चाचपत माझा गुडघा शोधला आणि थोपटला.

"मंग तुयी काय चूक, बाप्पा," ते म्हणाले. "शिकवणाऱ्यायलेच ठाऊक नव्हतं, तं तुले कुठून असन?"