नरसाळ्यातून गळलेली माणसं

माझी ताई ज्या कंपनीत आहे तिथे आजाऱ्यांना लागणारं सामान विकतात. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, बेडपॅन, डोक्याकडून वर होणारे पलंग. पूर्वी साधं दुकान होतं, आता सगळा कारभार ऑनलाइन. ताई तिथे टायपिस्ट म्हणून लागली. दुकान ऑनलाइन न्यायचं ठरलं तेव्हा मालकांनी बाहेरून दोन विद्वान आणले. ते सहा महिने चहा पिऊन, अर्धवट वेबसाइट ठेवून, गाशा गुंडाळून गेले. मग ताई जावास्क्रिप्ट ही वेबसाइट बनवायची भाषा शिकली, रडतखडत शिकली, आणि वेबसाइट उभी केली. त्याला आठ वर्षं झाली. ऑफिसात तिला अजूनही 'टायपिस्टबाई' म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

गेल्या वर्षी मालकांनी विक्री वाढवायला एक 'ग्रोथ हेड' नेमला. या गृहस्थाच्या प्रत्येक वाक्यात फनेल. फनेल म्हणजे आपलं नरसाळं. वरून हजार माणसं ओतायची, खालून विकत घेणारी किती पडतात ते मोजायचं, आणि बाकीची कुठे गळाली ते शोधायचं. ताईनं हे घरी सांगितलं त्या दिवसापासून आमच्याकडे त्याचं नाव नरसाळेसाहेब. एकदा ताईला आणायला गेले होते तेव्हा मी त्याला पाहिलं. मी नर्स आहे. या माणसानं जन्मात कुणा आजाऱ्याची कूस बदललेली नाही, हे मला लांबूनच कळलं.

साहेबांनी आल्या आल्या हुकूम सोडला, की गिऱ्हाईक दुकानात काय काय करतं त्याची नोंद करणारी लायब्ररी बसवा. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड असतो, तो वेबसाइटच्या पानांत जोडायचा. मग एकेका घटनेला नाव द्यायचं: वस्तू पाहिली, टोपलीत टाकली, टोपलीतून काढली, विकत घेतली. ताईनं चार दिवसांत काम केलं. जोडलेलं नीट चालतंय का हे बघायला स्वतःच एक वॉकर तीस-चाळीस वेळा टोपलीत टाकून काढला. दुसऱ्या दिवशी साहेब मालकांना सांगत होते, "वॉकरला जबरदस्त मागणी आहे!" ताईनं खरं काय ते सांगितलं तर म्हणाले, "बाई, नकारात्मक बोलू नका."

पुढे साहेबांना आणखी सुचलं. टोपलीत वस्तू टाकून जो विकत घेत नाही, त्याला तासाभरानं निरोप पाठवायचा, आणि मग रोज दोनदा. मजकूर साहेबांनी जातीनं लिहिला: 'तुमचा पलंग तुमची वाट पाहतोय!'

ताई म्हणाली, "साहेब, एकदा पाठवू. आणि 'नको' म्हणायला एक बटण ठेवू."

"बाई, आपण गिऱ्हाइकाला 'नको' म्हणायला शिकवत नसतो."

"पण साहेब, आपलं गिऱ्हाईक म्हणजे…"

"मोबाइल कव्हर असो की पलंग, माणूस तोच!" साहेब म्हणाले. आधी ते मोबाइलची कव्हरं विकत होते. तिथली हुशारी जशीच्या तशी उचलून आजाऱ्यांच्या उशाशी आणून ठेवली होती. आणि आमची ताई! मान खाली घालून तेही करून आली. तेव्हा मी तिला घरी चार शब्द सुनावले, आणि ते मी अजून परत घेतलेले नाहीत.

तीन आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसचा फोन वाजला. जवळपास कुणी नव्हतं म्हणून ताईनं उचलला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. आवाज चढलेला नव्हता.

"बाई, ते पलंगाचे निरोप बंद करता येतील का हो?"

"कधीपासून येतात, काका?"

"बरेच दिवस झाले. आमच्या हिच्यासाठी बघत होतो. ही गेल्या मंगळवारी गेली. आणि तुमचा पलंग सकाळ-संध्याकाळ सांगतो, तिची वाट बघतोय म्हणून."

ताईनं माफी मागितली. त्यांचा नंबर घेतला, निरोप तिथल्या तिथे थांबवले, आणि मग त्यांच्या नावावरच्या नोंदी उघडल्या. पलंग पाहिला. मापांचं पान उघडलं. टोपलीत टाकला. काढला. पुन्हा मापांचं पान. अशी आठ दिवसांत सहा वेळा मापं. जिना अरुंद असेल, नाहीतर खोली लहान असेल. एक माणूस ते आठही दिवस टेप घेऊन घर मोजत होता, आणि साहेबांच्या तक्त्यात तो 'द्विधा अवस्थेतला ग्राहक' होता.

ताई डबा तसाच ठेवून साहेबांकडे गेली. सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उजळला.

"म्हणजे त्यांनी स्वतःहून फोन केला? बघा, आपला निरोप पोचतोय!"

मालक शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा बुवा." हा माणूस स्वतःच्या दुकानातही पाहुण्यासारखा राहतो.

ताईनं बघितलं. त्याच दुपारी तिनं रोजचे निरोप बंद केले, फक्त एकच ठेवला, त्यातली ती वाट पाहण्याची ओळ खोडली आणि खाली बटण लावलं: 'आता गरज नाही'.

सकाळी साहेब सगळ्यांसमोर कडाडले. "कुणाच्या परवानगीनं?"

"ज्यांच्या फोनवर जातात त्यांच्या," ताई म्हणाली. "तुम्हाला हवं तर पुन्हा सुरू करा. कोड तिथेच आहे."

साहेबांना कोड कुठे उघडायचा हेही ठाऊक नव्हतं. हात चोळत बसले.

महिन्याभरानं मोठी बैठक झाली. साहेबांनी भिंतीवर तक्ता दाखवला. एक रेघ सरळ आकाशात गेलेली. "निरोपांना मिळणारा प्रतिसाद चौपट! लोक आपल्याशी संवाद साधताहेत!" टाळ्या पडल्या. ती रेघ होती 'आता गरज नाही' या बटणाची; ते दाबलं की तोही प्रतिसादच मोजला जायचा. कुणाचं माणूस बरं झालं होतं, कुणाचं गेलं होतं, आणि लोक ते बटण दाबत होते.

"तू तिथे बोलली का नाहीस?" मी घरी विचारलं.

"बोलले असते तर बटण काढायला लावलं असतं त्यांनी," ताई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

त्या रेघेच्या जोरावर नरसाळेसाहेब एका मोठ्या कंपनीत गेले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना सगळं समजावून सांगायचं काम अर्थातच टायपिस्टबाईंकडे आलं. ताईनं त्यांना तक्ता दाखवला नाही. नोंदी उघडल्या, एक गिऱ्हाईक निवडलं आणि म्हणाली, "हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा." नव्या बाईंनी दुसऱ्या ओळीवर जांभई दिली. ताईनं त्यांना पाणी आणून दिलं आणि तिसरी ओळ मोठ्यानं वाचायला घेतली.