लग्नाच्या तारखेचं दही

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात मला शेजारच्या जिल्ह्यातली माणसं दिसायला लागली. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. त्याआधी सगळं जग मला ताकात बुडवल्यासारखं दिसायचं. नवा चष्मा लावून पहिल्यांदा चहाला बसलो, बिस्किटाचा पुडा उचलला, तर त्याच्या पाठीवर मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी लिहिलेलं! आजवर मी इतकी बिस्किटं खाल्लीत की एकावर एक रचली तर वरचं बिस्कीट पन्हाळा वाकून बघेल. पण ह्या पुड्यांना जन्मतारीख आणि मरणतारीख असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यात माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेलेली. आला कागद की तारखेचा शिक्का, गेला कागद की तारखेचा शिक्का. एकदा चुकून साहेबांच्या बाहीवर शिक्का बसला, तर त्यांची त्या दिवसाच्या आवकमध्ये नोंद झाली आणि जावक होईपर्यंत त्यांना घरी जाता येईना. असल्या माणसाच्या हाताला तारखा लागल्यावर काय होणार? अर्धं बिस्कीट चहात सोडून मी उठलो आणि थेट स्वयंपाकघरात शिरलो.

फळीच्या मागं कस्टर्डच्या पावडरीचा डबा निघाला. त्याची मुदत संपली तेव्हा आमची लेक बालवाडीत होती. आता ती पुण्यात खाद्यपदार्थांच्या कारखान्यात माल तपासायचं काम करते. शेवयांची मुदत दिवाळीत गेलेली, लोणच्याची त्याच्याही आधी. मग इतकी वर्षं आपण जिवंत कसे, हा प्रश्न पडला आणि तो काही केल्या डोक्यातनं जाईना.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातनं तारखेचा शिक्का आणि कागदाच्या चिठ्ठ्या आणल्या. प्रत्येक जिनसाला शिक्का मारलेली चिठ्ठी, ज्याची तारीख गेली ते बादलीत. बादली म्हणजे गल्लीच्या टोकाच्या अक्काची. तिच्या गोठ्यात चार म्हशी. सकाळी दूध घालायला यायची आणि जाताना भाजीची देठं, उरलंसुरलं म्हशींसाठी घेऊन जायची. बायकोच्या कारभारात तिला आठवड्याला अर्धी बादली मिळायची. माझ्या कारभारात रोज भरून वाहायला लागली.

"अहो, त्यो गूळ हाय," बायको म्हणाली. "गुळाला कसली तारीख?"

"पुड्यावर लिहिलीय."

"मग मीठबी टाका की."

मी मिठाचा पुडा फिरवून वाचायला लागलो, तसा तिनं हातातनं काढून घेतला. वर्षभराच्या चटणीच्या बरणीकडं वळलो, तर म्हणाली, "बरणीला शिक्का लावलासा तर त्योच तुमच्या कपाळाला लावीन." कपाळ माझंच असल्यानं बरणी वाचली.

शेवटी फ्रिजच्या तळाच्या कोपऱ्यात स्टीलची झाकणाची वाटी सापडली. आत दोन चमचे दही. ना पुडा, ना छापील अक्षर.

"हे कोणत्या तारखेचं?"

बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आपल्या लग्नाच्या."

मी मनात हिशेब केला. बत्तीस वर्षं. मी वाटी तडक बादलीकडं नेली. तिनं ती काढून घेतली आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

खरं म्हणजे तिनं मला आधी शंभरदा सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा गडहिंग्लजला माहेरी जाऊन आली, तेव्हा तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, तिच्या हातात घरचं विरजण दिलं होतं. एस.टी.त ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून तिनं ते आणलं. रोज दही लावायचं, त्यातलं दोन चमचे उद्यासाठी ठेवायचं, असं बत्तीस वर्षं चाललं होतं. अव्वा गेली. भाऊ गाव सोडून गेले, ते आता पिशवीतलं दही खातात. राहिली ती एवढी वाटी. आणि हिचा नियम कडक. पंगतीला बसा, दही पोटभर वाढीन. पण वाटीत घालून दाराबाहेर न्हाय. गल्लीतल्या बायका मागून मागून दमल्या होत्या.

पुढच्या सोमवारी ती बहिणीकडं हातकणंगल्याला बारशाला गेली. जाताना उंबऱ्यातनं म्हणाली, "माघारी येईस्तोवर फ्रिजला हात लावू नका."

हात लावला नाही. मंगळवारी सकाळी फक्त दार उघडलं. ते बत्तीस वर्षांचं दही कोपऱ्यातनं माझ्याकडं बघत होतं. मला वाटलं, आपण हिच्या जिवावर उठलेलं संकट दूर करतोय. वाटी बादलीत उपडी केली. पाच मिनिटांत अक्का बादली घेऊन गेली.

मग दुपारी मी नियमानं जेवलो. पनीरचा फोडलेला पुडा होता. आदल्या दिवशी पाच तास वीज गेलेली, पनीर हाताला जरा चिकट लागत होतं. पण छापील तारखेला अजून चार दिवस होते. तारीख आहे म्हटल्यावर मी कशाला घाबरतोय? त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी संडासाचं दार इतक्या वेळा उघडलं की बिजागरी झिजली.

बुधवारी बायको आली. पाय धुतले, दूध तापवून कोमट केलं, फ्रिज उघडला.

"विरजण कुठाय?"

मी सांगितलं. ही बाई ओरडली की गल्लीतली कुत्री पळतात, हे मला ठाऊक. म्हणून मी मनात पळायची वाट ठरवून उभा होतो. ती ओरडली नाही. दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं, पाटावर बसली आणि रिकाम्या वाटीत बोट फिरवून बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "अव्वाच्या हातचं तेवढंच होतं की."

मी गॅलरीत जाऊन लेकीला फोन लावला.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही पुड्यावरची तारीख वाचलीत, पण तिच्या आधीचे दोन शब्द वाचलेत का? 'बेस्ट बिफोर' असेल तर तोवर चव आणि कुरकुरीतपणा पक्का. पुढं नीट ठेवलेलं असेल तर बघून, वास घेऊन, चाखून ठरवायचं. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' असेल तर मात्र त्या दिवसानंतर तोंडात घालायचं नाही, वास किती का चांगला येईना."

"आणि पनीर? त्याची तर तारीख होती."

"ती बंद पुड्याची आणि गारव्यातली. पुडा फोडला, वीज गेली, की ती तारीख तुमच्या कामाची राहिली नाही."

"आणि दही?"

"दही रोज नवं लागतंय, पप्पा. त्यात बत्तीस वर्षांचं काहीच नाही; नुसती परंपरा चालू आहे." मग तिनं विचारलं, "आई काय करतेय?"

मी फोन ठेवला.

गुरुवारी उजाडताच गोठा गाठला. मनात एकच चित्र: चौथ्या म्हशीच्या पोटात आमच्या सासूबाईंची आठवण. अक्का धार काढत होती.

"अक्का, परवाच्या बादलीत दही होतं..."

"व्हय. तुमचं डोस्कं फिरलंय काय आण्णा?" ती धार न थांबवता म्हणाली. "असलं दही म्हशीला घालत्यात? आत जावा, फळीवर बघा."

आत गेलो आणि थक्क झालो. फळीवर माझं अख्खं दप्तर मांडलेलं! माझ्या चिठ्ठ्या, माझे शिक्के, तसेच. गूळ, शेवया, लोणचं. अक्काच्या घरात टी.व्ही. माझ्यापेक्षा मोठा, दारात नवी स्कूटी. तिला कशाची कमी नव्हती. तिला फक्त चांगला जिन्नस वाया गेलेला बघवत नव्हता.

"वास घेतला, चाखून बघितलं, ठेवलं," ती म्हणाली. "तुमच्या त्या कस्टर्डात किडं होतं, ते उकिरड्यावर. दही वरचंवर काढलं, चमचाभर दुधात सोडलं. सकाळी बघती तर सुरीनं कापावं असं! वयनींनी आजवर थेंब दिला नव्हता. देवानं तुमच्या हातनं दिला."

तिनं वाटी भरून दिली. मी ती दोन्ही हातांनी धरून आणली. रस्त्यात दोन रिक्षा मला वाट द्यायला थांबल्या. कोल्हापुरात रिक्षा थांबली, ह्यावरनं माझा चेहरा कसा असेल ते ओळखा.

बायकोनं वाटी नाकाशी नेली. करंगळी बुडवून चाखली. पुन्हा चाखली.

"अव्वाचंच हाय," ती म्हणाली. "गोठ्यात राहून जरा दांडगं झालंय."

त्या दिवशी तिनं शेरभर दूध विरजलं. शुक्रवारी सकाळी सहा वाट्या भरल्या, ताटात मांडल्या आणि ताट माझ्या हातात दिलं.

"हे कुठं?"

"गल्लीत. सहा घरात एकेक. आमच्या घरात माणूस तारखा बघतोय. अक्का दर खेपेला वाचवणार न्हाय."

बत्तीस वर्षांचा नियम मोडून ती पुढं, ताट घेऊन मी मागं. पहिल्याच दारात शेजारच्या वहिनी उभ्या. डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगंबाई! दाराबाहेर? ताजं हाय न्हवं? कवाचं लावलंय?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"आमच्या लग्नातलं," मी म्हणालो.

वहिनींनी एकदा मला न्याहाळलं, मग वाटीचं झाकण काढून नाक आत घातलं.