पल्याड उभा राहणारा पंच

पुण्याहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात दोनच वस्तू होत्या. एक सोलापूरच्या क्लबाचे पत्र आणि दुसरी पितळी शिट्टी. पत्र मी आदल्या दिवशी शाळेत तीन मास्तरांना वाचून दाखवले होते आणि हेडमास्तरांच्या टेबलावर मुद्दाम विसरून आलो होतो. त्यांनी ते परत पाठवले, तेही घडी न मोडता. मला फार वाईट वाटले.

मी ड्रिल मास्तर. खडकीच्या मैदानावर गोरे सोल्जर रग्बी खेळतात, तिथे सहा वर्षे मी बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन धावतो आहे. अंड्यासारखा चेंडू बगलेत धरून एकाने पळायचे आणि बाकीच्यांनी त्याला आडवे करायचे, असा हा खेळ. त्याचे सगळे नियम मला तोंडपाठ, पण शिट्टी मात्र नेहमी दुसऱ्याच्या तोंडात. सोलापुरात साहेबलोक इतके थोडे की सगळे खेळायलाच लागतात आणि पंच व्हायला कोणी उरत नाही, म्हणून त्यांना माझी आठवण झाली. पत्रात लिहिले होते की इथले काम पसंत पडले तर मोसमाच्या शेवटी पुण्यात होणाऱ्या मोठ्या सामन्याची शिट्टीही मिळेल. त्या सामन्याला आमच्या शाळेतली सगळी मंडळी येतात. पुढचे काय सांगू?

कुर्डुवाडीला समोरच्या बाकावर घोंगडी टाकून एक म्हातारा धनगर बसला. माळशिरसकडचा होता.

"कुटं निघालासा पावनं?" त्याने विचारले.

"सोलापूरला. खेळाचा पंच म्हणून."

"कुस्त्या हायती व्हय?"

मी त्याला स्क्रम समजावून सांगितला. आठ गडी इकडून आणि आठ तिकडून वाकतात, डोकी एकमेकांत अडकवून रेटतात. मधे जो बोळ तयार होतो त्यात एकजण बाजूने चेंडू टाकतो आणि मग दोन्हीकडचे पायांनी तो आपल्याकडे ओढू पाहतात.

"एडक्यांची टक्कर की ही!" म्हातारा खूश झाला. "आन् टाकणारा कुणाचा असतुया?"

"दोघांपैकी एका बाजूचा."

"मंग त्यो आपल्याच गड्यांच्या पायात टाकंल की."

"म्हणून तर पंच. चेंडू अगदी मधोमध, सरळ पडला पाहिजे. वाकडा पडला तर शिट्टी."

"तुमी कुटं हुबं ऱ्हाता बगायला?"

"टाकणाऱ्याच्या मागे. खडकीला सगळे तसेच करतात."

"मागनं त्येची पाट दिसंल," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. खेड्यातल्या माणसाला काय कळणार, असे मनात म्हणून मी डबा उघडला.

सोलापुरात उतरलो तेव्हा उन्हे कलत होती. भादवा होता. चार दिवसांपूर्वी पाऊस होऊन गेलेला, रस्त्याकडेची काळी माती अजून ओली. टांगा शुक्रवार पेठेकडे वळताना एक चाक चिखलात गेले. मी घाईघाईने उडी मारली आणि माझा एक बूट मातीतच राहिला.

"उतरो नक्को बोल्या था ना मैं!" टांगेवाले चाचा ओरडले. मग त्यांनीच तो बूट उपसून, फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. एका पायात नुसता मोजा, अशा थाटात पुण्याचे पंच मावशीच्या मुलीच्या दारात उतरले. ताई हसून हसून खांबाला टेकली.

संध्याकाळी क्लबाच्या सेक्रेटरींना भेटलो. रेल्वेचे डॉक्टरसाहेब. हिंदुस्थानी बरी बोलत होते. उद्या रविवारी रेल्वेचे साहेब विरुद्ध गिरणीचे साहेब असा सामना आहे, पहिला अर्धा भाग तुमचा, असे त्यांनी सांगितले.

"आणि दुसरा?" मी विचारले.

दुसरा नरसय्याचा. हा गिरणीतल्या मागखात्यात जॉबर (मागांची आणि विणकरांची देखरेख करणारा). दरवर्षी मैदानावर दोरी धरून चुन्याच्या रेषा मारायचे काम त्याच्याकडे असे. रेषा मारून झाल्या की तिथेच बसून सामना बघायचा, आणि असे बघून बघून तो खेळ शिकला. सामना झाल्यावर दोन्ही कप्तान आणि सेक्रेटरी मिळून पुण्याच्या सामन्यासाठी दोघांतला एक निवडणार होते.

सरळ सांगतो, मी जळलो. मी सहा वर्षे झेंडा घेऊन धावायचे आणि चुना मारणाऱ्याने माझ्या बरोबरीने उभे राहायचे! रात्री ताईने शेंगांची चटणी, दही आणि कडक भाकरी वाढली. भाकरी पापडासारखी मोडत होती. एरवी मी चार खाल्ल्या असत्या. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, चटणी तिखट लागली का अजून कुणी?"

सकाळी मी नरसय्याचे घर शोधत निघालो. भेटायला जातो असे ताईला सांगितले, पण खरे म्हणजे त्याच्यात काही खोट सापडते का ते बघायचे होते. त्याची गल्ली तेलुगू विणकरांची. दोन्ही बाजूंनी हातमागांचा खटखटाट, दारात सुकत घातलेले रंगीत सूत. नरसय्या पस्तिशीचा, किडकिडीत, कपाळाला नाम. मला बघून त्याला इतका आनंद झाला की माझी पंचाईत झाली.

"कूर्चोंडी (बसा)," त्याची आई म्हणाली आणि थोड्या वेळाने तिने भात आणि चारू (चिंचेचे पातळ सार) पुढे ठेवले.

आत त्याचे वडील मागावर बसले होते. ताण्याचे धागे वरखाली होऊन मधे जी फट पडते, तिच्यातून धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, असे त्यांचे चालले होते. नरसय्या माझ्याशी बोलत होता, मागाकडे त्याची पाठ होती. बोलता बोलता थांबून तो वडिलांना तेलुगूत काहीतरी म्हणाला. म्हाताऱ्याने माग थांबवला. बघतो तो एक धागा तुटलेला.

"न बघता कसे कळले?" मी विचारले.

"आवाज आला की मास्तर. धोटा सरळ गेला तर आवाज येगळा, घासून गेला तर येगळा. लहानपणी मी पल्याड बसून झेलायचो. फेकणाऱ्याचा हात कसा बी असू द्या, पल्याड कळतंयच."

मी "वा वा" म्हटले आणि दोनदा चारू मागून घेतला. परत येताना मनाला समजावले की मागावर बसणे वेगळे आणि साहेबांना शिट्टी वाजवणे वेगळे.

दुपारी मैदानाभोवती निम्मी गिरणी जमली होती. नरसय्याने मारलेल्या चुन्याच्या रेषा दोन टोकांना ताणून धरलेल्या सुतासारख्या सरळ होत्या. तेही मला आवडले नाही.

गिरणीच्या बाजूने चेंडू टाकणारा होता मागखात्याचा मोठा साहेब. नरसय्याचा वरिष्ठ आणि संघाचा कप्तान, म्हणजे आमची निवड करणाऱ्या तिघांतला एक. मी शिट्टी फुंकली आणि सामना सुरू झाला. पहिल्या स्क्रमला मी शिरस्त्याप्रमाणे साहेबाच्या मागे उभा राहिलो. मला त्याची रुंद पाठ दिसली. चेंडू गिरणीकडे गेला. दुसऱ्या वेळी तेच झाले आणि तिसऱ्या वेळीही. रेल्वेचे गडी कुरकुरू लागले. चौथ्या वेळी मी थोडा बाजूला सरलो आणि साहेबाचे मनगट आत वळताना मला स्वच्छ दिसले. त्याने चेंडू थेट आपल्या गड्याच्या पायात सोडला होता. शिट्टी माझ्या ओठांत होती, छातीत हवाही भरलेली होती. त्याच क्षणी साहेबाने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि मला पुण्याचे मैदान दिसले, हेडमास्तर दिसले. ती हवा मी नाकाने सोडून दिली.

मध्यंतराला गिरणी पुढे होती. मी पाणी प्यायला गेलो तिथे कुंभारी गावची एक बाई भाजलेल्या शेंगा विकत होती.

"आवो मास्तर," ती म्हणाली, "शिट्टी गिळली का काय तुमी? त्यो साहेब लई वाकडं टाकतुया की!"

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो. शेंगा मात्र घेतल्या नाहीत.

मग नरसय्या मैदानात उतरला. अनवाणी, धोतर वर खोचलेले. पहिला स्क्रम वाकला आणि हा गडी साहेबाच्या मागे न जाता पळत वळसा घालून पलीकडे गेला. बोळ जिथे संपतो तिथे जाऊन वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून. धोटा झेलायला बसावा तसा. त्या क्षणी मला सगळे समजले. चेंडू सरळ आला तर सोळा जणांच्या पायांमधून त्याला समोरून येताना दिसणार. मागे उभा राहून मी सहा वर्षे पाठी बघत आलो होतो, आणि ही एवढीशी गोष्ट मला सुचली नव्हती. मला इतका हेवा वाटला की हातातला पेला मी खाली ठेवून दिला.

शिट्टी वाजली. वाकडा. चेंडू रेल्वेला. पुढच्या वेळी पुन्हा वाजली, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी साहेब लालबुंद होऊन त्याच्या अंगावर गेला. सोमवारी सकाळी याच साहेबापुढे नरसय्याला हजर व्हायचे होते, हे तिथल्या प्रत्येक विणकराला ठाऊक होते.

"साब," नरसय्या हात जोडून म्हणाला, "इधर से दिखता. सीधा नहीं आया."

हात जोडलेले, पण पाऊल मागे नाही. साहेब पुटपुटत परतला. त्यानंतर त्याने चेंडू सरळ टाकला, आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा खरा स्क्रम पाहिला. चेंडू मधोमध पडला, दोन्हीकडचे पाय त्याच्यावर तुटून पडले, सोळा माणसे एका जागी थरथरली. तो गिरणीनेच ओढून नेला, तेव्हा रेल्वेच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. शेवटी जिंकले मात्र रेल्वेवाले.

निकाल डॉक्टरसाहेबांनी क्लबाच्या पायरीवर सांगितला. रेल्वेच्या कप्तानाने नरसय्याचे नाव घेतले होते. बाकी दोघांनी माझे. पुण्याचा माणूस खेळात फार अडथळे आणत नाही, असे त्यांचे मत पडले. मी त्यांचे आभार मानले. आवाज माझाच होता, पण ऐकायला नको वाटत होता.

नरसय्या स्टेशनवर पोचवायला आला. रागावलेला असता तर मला बरे वाटले असते. त्याने आईने दिलेली चटणीची पुडी माझ्या हातात ठेवली.

"साहेब काही बोलला?" मी विचारले.

"उद्या बोलंल की. बघू." मग गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन तो म्हणाला, "मास्तर, पुण्यात मागं राहू नका. पल्याड जावा. आन् वाकून बघा, उभ्यानं दिसत न्हाय."

ज्याची जागा मी घेतली तो मला ती जागा कशी चालवायची ते शिकवत होता. दौंड येईपर्यंत मी ती पुडी मांडीवर धरून बसलो होतो. चेंडू मला पलीकडून पुढे दिसेलही. पण समोर आपला साहेब उभा असताना शिट्टी फुंकायची छाती त्याने पुडीत बांधून दिली नव्हती.

पुण्याचा सामना झाला. पहिल्याच स्क्रमला मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि वाकलो. चेंडू वाकडा आला. मी शिट्टी फुंकली. इथे माझे नशीब ठरवणारे कोणी नव्हते, त्यामुळे फुंकणे सोपे गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर हेडमास्तर स्वतः उठून आले.

"ही पलीकडे उभे राहायची युक्ती कुठे शिकलात?" त्यांनी विचारले.

"सुचली," मी म्हणालो.

त्याला आता दोन महिने झाले. शाळेत माझे नाव झाले आहे आणि खडकीलाही पंच आता पलीकडे जाऊन वाकतात. त्याला ते माझी पद्धत म्हणतात. सोलापूरला लिहिलेल्या माझ्या पत्राला ताईचे उत्तर आले. नरसय्याची जॉबरकी गेली. तो पुन्हा घरच्या मागावर बसतो, आणि क्लबाच्या रेषा आता दुसरा कोणीतरी मारतो, त्या वाकड्या येतात.

हे सगळे वर्णन मी त्या एका शब्दासाठी लिहिले. ती युक्ती मला सुचली नव्हती. ती नरसय्याची आहे. हे लिहून टाकले की हेवा जाईल असे वाटले होते, पण तो गेलेला नाही.